सोने, जाडी आणि जिनिव्हा : मनगटी घड्याळांची चार दशके

विसाव्या शतकाच्या मध्याला स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरात आणि ज्युरा पर्वताच्या खोऱ्यांत सोन्याची जी मनगटी घड्याळे तयार झाली, त्यांच्याकडे श्रीमंतीची खूण म्हणून पाहण्याची सवय इतकी मुरलेली आहे की त्यांच्या घडणीचा विचार बहुधा मागेच पडतो. वस्तुतः रोज मनगटावर वागवायच्या, टेबलाच्या कडेला आपटणाऱ्या, घाम आणि धूळ सोसणाऱ्या वस्तूसाठी सोन्याइतका गैरसोयीचा धातू दुसरा क्वचितच सापडेल, कारण तो जड आहे, मऊ आहे, त्यावर चटकन ओरखडे उठतात आणि प्रत्येक वेळी चकाकी देताना त्याचा थोडा अंश कायमचा झिजून जातो. या अवगुणांशी जुळवून घेताना कारागिरांनी जी शिस्त अंगी बाणवली, तिच्यातून त्या घड्याळांचे रूप सिद्ध झाले, आणि या कालखंडाचा इतिहास लिहायचा तर तो धातूच्या मोलापेक्षा या शिस्तीचाच लिहावा लागतो.

असे म्हणण्यास एक आर्थिक आधारही आहे. अमेरिकेने जानेवारी १९३४ मध्ये सोन्याचा अधिकृत भाव एका ट्रॉय औंसाला, म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅमला, ३५ डॉलर असा बांधून दिला आणि १९७१ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉलर आणि सोने यांची गाठ सोडवीपर्यंत तो अधिकृतपणे तसाच राहिला. २० ग्रॅम वजनाच्या अठरा कॅरटच्या केसमध्ये, म्हणजे यंत्राभोवतीच्या कवचात, १५ ग्रॅम शुद्ध सोने धरले, तर त्या भावाने त्याची किंमत १७ डॉलरांच्याही आत येते. उत्तम घड्याळाची विक्रीची किंमत याच्या कित्येक पटींनी अधिक असे, आणि हा फरक यंत्राचा, तबकडीचा व हाताच्या कामाचा होता. भाव स्थिर असल्यामुळे कारखानदाराला धातूच्या बाजाराची धास्ती नव्हती, आणि घराण्याघराण्यांतली चुरस सोन्याच्या वजनावर न लढता त्याच्या आकारावर लढली गेली.

जिनिव्हाची घड्याळे सोनारांच्या हाताखाली वाढली होती. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनच्या धर्मसुधारणेने दागदागिन्यांवर कठोर बंधने आणली, तेव्हा शहरातील सोनार, नक्षीकार आणि मीनाकार उपयुक्ततेच्या नावाखाली चालू शकणाऱ्या घड्याळांकडे वळले, आणि १६०१ मध्ये तेथे घड्याळजींचा स्वतंत्र संघ स्थापन झाला. पुढे सेंट-जर्व्हे या वस्तीतील उंच घरांच्या वरच्या मजल्यांवर, भरपूर उजेड येईल अशा खिडक्यांपाशी बसून हे कारागीर काम करीत. एकाने केस करावी, दुसऱ्याने तबकडी, तिसऱ्याने काटे आणि चौथ्याने सगळे जुळवावे अशी कामाची वाटणी तेव्हाच रूढ झाली होती, व विसाव्या शतकातही तिचा गाभा बदललेला नव्हता.

घड्याळ खिशातून मनगटावर आले ते आधी स्त्रियांच्या दागिन्याच्या रूपाने. पातेक फिलिप या घराण्याने १८६८ मध्ये हंगेरीच्या काउंटेस कोस्कोविच यांच्यासाठी सोन्याच्या कड्यात बसवलेले घड्याळ तयार केले. पुरुषांना मात्र हा प्रकार नाजूक आणि बायकी वाटे, आणि ही अढी मोडली ती पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत, जिथे खिशात हात घालून वेळ पाहणे सोयीचे नव्हते. त्या काळच्या सैनिकी घड्याळांची रचना पाहिली तर ती खिशातल्या घड्याळाचीच लहान आवृत्ती दिसते: गोल केस, आणि पट्टा ओवण्यासाठी तिच्या दोन बाजूंना डाख देऊन जोडलेल्या तारेच्या कड्या. मनगटाचा विचार आरंभापासून करून केस आणि पट्टा यांचे नाते नव्याने मांडणारे पहिले मोठे काम पॅरिसच्या लुई कार्तिए यांचे होते. त्यांनी १९१७ मध्ये आखलेल्या आणि १९१९ मध्ये विक्रीस आलेल्या ‘टँक’ या चौकोनी घड्याळात दोन्ही बाजूंचे उभे दांडे पुढे वाढून स्वतःच पट्टा धरून ठेवतात, त्यामुळे केस कुठे संपते आणि पट्टा कुठे सुरू होतो हे डोळ्याला जाणवतच नाही.

गोल घड्याळाला हे उत्तर मिळण्यास १९३२ साल उजाडावे लागले. जागतिक मंदीने पातेक फिलिप अडचणीत सापडले होते, आणि शार्ल व जाँ स्टर्न या दोन भावांनी ते विकत घेतले. स्टर्न बंधूंचा स्वतःचा कारखाना तबकड्यांचा होता आणि पातेक त्यांचे गिऱ्हाईक होते, म्हणजे पुरवठादारच मालक झाला. त्याच वर्षी ‘९६’ या साध्या क्रमांकाचे घड्याळ बाजारात आले, ज्याला पुढे ‘कालात्राव्हा’ हे नाव चिकटले. त्याचा व्यास जेमतेम ३१ मिलिमीटर होता, जो आजच्या पुरुषी घड्याळांच्या मानाने लहान वाटेल. तबकडीभोवतीची कडी, जिला बेझेल म्हणतात, सपाट. तासांच्या खुणा म्हणजे सोन्याच्या पैलूदार कांड्या. काटे मध्ये धार असलेल्या पानासारखे. आणि सहाच्या जागी सेकंदाचे छोटे वर्तुळ. तबकडीवरची प्रत्येक गोष्ट वेळ सांगण्यापुरती होती.

या घड्याळाचा खरा शोध मात्र त्याच्या चार शिंगांत आहे. पट्टा धरणाऱ्या भागाला घड्याळाच्या धंद्यातील फ्रेंच भाषेत शिंगे म्हणतात, आणि जुन्या घड्याळांत ती वेगळी घडवून मागाहून जोडलेली असत. ‘९६’ मध्ये ती केसच्या मधल्या भागातूनच उतरत्या वळणाने बाहेर येतात, जणू त्याच धातूला हलकेच खाली ओढले आहे. सोन्यासारख्या मऊ धातूत असा अखंड ओघ दाखवणे सोपे, पण तो टिकवणे अवघड. कारण शिंगाच्या वरच्या कडेची रेघ जराशी जरी बोथट झाली तरी सगळा आकार ढिला पडतो. हे घड्याळ १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत बनत राहिले. सोन्याच्या बांधलेल्या भावाचा आणि या एका आकाराचा कालखंड जवळजवळ एकच असावा, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आता केस कशी घडे ते पाहावे लागते. बावीस कॅरटच्या दागिन्यांची सवय असलेल्या मराठी वाचकाला स्विस घड्याळांचे अठरा कॅरट सोने कदाचित कमी कसाचे वाटेल, परंतु येथे मिसळ हा गुणच होता. शुद्ध सोन्याचे २४ भाग धरले तर अठरा कॅरटमध्ये १८ भाग, म्हणजे ७५ टक्के, सोने असते आणि उरलेल्या चतुर्थांशात मुख्यतः चांदी व तांबे यांचे प्रमाण बदलून रंग आणि कणखरपणा दोन्ही ठरवले जातात. चांदी आणि तांबे सारखेच घातले की पिवळा रंग येतो, तांब्याचा वाटा वाढवला की गुलाबी, आणि तांबे जास्त असलेले गुलाबी सोने पिवळ्यापेक्षा थोडे अधिक कठीणही असते. ही मिसळ ओतून तिची लगड करीत, लगड रुळांतून काढून पट्टी करीत, आणि पट्टीचे तुकडे पोलादी साच्यांत जड दाबयंत्राखाली ठोकून त्यांतून केसचा आकार उठवीत.

हे ठोकणे एकाच दमात होत नसे. दाबाखाली सोने कडक होत जाते आणि तसेच पुढे रेटले तर चिरते, म्हणून प्रत्येक ठोक्यानंतर ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करावे लागे, मग आम्लात धुऊन पुढच्या साच्यात घालावे लागे. शेवटचा ठोका मात्र अशा हिशोबाने ठेवीत की धातूत आलेला कडकपणा केसमध्ये कायम राहावा. ओतून केलेल्या केसपेक्षा ठोकून केलेली केस घट्ट व टिकाऊ होते, ती या कारणाने. त्यानंतर लेथवर आतील बाजू कातून यंत्राचे घर तयार करायचे आणि मागचे झाकण असे बसवायचे की ते बोटाने दाबल्यावर टच् असा आवाज करून बंद व्हावे आणि पात्याच्या टोकाशिवाय उघडू नये. सोन्याच्या दोन कडा एकमेकींवर घासल्या की झिजतात, त्यामुळे हे माप फार सैल ठेवून चालत नाही आणि फार घट्टही. कातताना उडालेला कीस, जमिनीवरचा केर, हात धुतलेले पाणी, सगळे जपून ठेवले जाई. महाराष्ट्रातील सराफकट्ट्यांवर झारेकरी जे काम पिढ्यान्पिढ्या करीत आले, त्याचीच ही कारखान्यातील आवृत्ती होती.

तबकडीवर नाव एका घराण्याचे असले तरी केस बहुधा दुसऱ्याच्याच हातची असे, ही गोष्ट सामान्य ग्राहकाला ठाऊक नसे. झाकण उघडून आतील बाजू पाहिली तर ती कळते. स्वित्झर्लंडने १८८० मध्ये मौल्यवान धातूंच्या घड्याळांवर सरकारी छापाची सक्ती करणारा कायदा केला, आणि त्यानुसार अठरा कॅरटच्या केसवर हेल्व्हेशिया या राष्ट्रदेवतेचे मुख, तर चौदा कॅरटच्या केसवर खारीचे चित्र उमटवले जाई. याशिवाय केस करणाऱ्याची जबाबदारी ठरवणारी वेगळी खूण असे, आणि जिनिव्हाच्या कारागिरांची खूण म्हणजे एक छोटी किल्ली व तिच्यात कोरलेला क्रमांक. क्रमांक १ वेंगर यांचा, ८ मार्कोव्स्की यांचा, ९ व्हिशे यांचा. पातेकने १९४१ मध्ये आणलेल्या ‘१५१८’ या घड्याळात तारीख-वार-महिन्याचे शाश्वत पंचांग आणि थांबघड्याळ असे दोन्ही होते, तशी जोड असलेले ते मालिकेने बनलेले जगातील पहिले मनगटी घड्याळ होते, आणि अवघी २८१ च्या आसपास निघालेली ही घड्याळे आज मोठ्या लिलावांत ओळखली जातात. त्याच्या केस करणाऱ्यांचा मान मात्र एका सूक्ष्म किल्लीपुरता राहिला. घड्याळाच्या इतिहासाने या माणसांवर अन्याय केला आहे असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

तबकडीच्या कामात स्टर्न बंधूंच्या कारखान्याची बरोबरी करणारे थोडेच होते. छापील अक्षरे काळाच्या ओघात उडतात, म्हणून तेथे घराण्याचे नाव आणि मिनिटांच्या रेघा आधी धातूत कोरीत, कोरलेल्या खाचांत काळ्या मीन्याची पूड भरून भट्टीत भाजीत आणि मग सगळा पृष्ठभाग घासून एकसारखा करीत. मीना म्हणजे धातूवर वितळवून चिकटवलेली रंगीत काच. ही अक्षरे धातूच्या अंगातच रुतलेली असल्यामुळे ऐंशी-नव्वद वर्षांनंतरही ती उडालेली नाहीत. त्यानंतर चांदीची पूड, मीठ आणि टार्टरचे क्षार यांचा लेप हाताने चोळून तबकडीला धुक्यासारखा मंद पांढरा पोत देत. तासांच्या सोन्याच्या खुणांना मागे बारीक पाय असत. ते तबकडीच्या छिद्रांतून ओवून मागून ठोकून पक्के करीत. चिकटवण्याचा सोपा मार्ग उपलब्ध असूनही हा मार्ग धरला गेला, आणि म्हणूनच त्या खुणा आजही आपल्या जागी आहेत.

रंगीत मीनाकारीच्या तबकड्या हा या काळातला सर्वांत देखणा अध्याय. केसाएवढी बारीक सोन्याची तार वाकवून तबकडीवर नकाशाच्या किंवा चित्राच्या रेषा उभ्या करायच्या, तारांमधल्या कप्प्यांत वेगवेगळ्या रंगांची पूड भरायची आणि सुमारे ८०० अंश सेल्सियसच्या भट्टीत पुन्हा पुन्हा भाजायची. दर भाजणीला तडा जाण्याचा धोका, आणि तडा गेला की आधीचे सर्व श्रम वाया. जिनिव्हालगतच्या कारूज गावातील लुई कॉत्तिए या घड्याळजीने १९३१ मध्ये जगातील सर्व प्रमुख शहरांची वेळ एकाच तबकडीवर दाखवणारी यंत्ररचना सिद्ध केली, आणि तिच्या भोवती फिरत्या कड्यावर शहरांची नावे व मध्यभागी मीन्यात खंडांचे नकाशे असलेली घड्याळे पातेकने पुढील दोन दशकांत काढली. विमानप्रवास अजून मोजक्यांनाच परवडत असलेल्या त्या दिवसांत, जगाचा गोल मनगटावर पाहण्याची ही कल्पना किती रम्य वाटली असेल, हे त्या निळ्या-हिरव्या तबकड्या पाहूनच कळते.

दुसऱ्या बाजूला यंत्राच्या जाडीची लढाई चालू होती. सोन्याचे घड्याळ जाड झाले की वजनाने मनगटावर फिरते आणि शर्टाच्या बाहीत अडकते. पातळ करावे तर केसच्या भिंती पातळ होतात आणि मऊ धातू वाकतो. या पेचातून सुटण्याचा एकच मार्ग म्हणजे यंत्रच पातळ करणे, म्हणजे भिंतींना पुरेसे सोने उरते. व्हॅले द जू या खोऱ्यातील ल ब्रासू गावच्या ओदमार पिगे घराण्याने १९४६ मध्ये अवघ्या १.६४ मिलिमीटर जाडीचे हाताने चावी द्यायचे यंत्र आणले. त्याच कुळातील यंत्र व्हाशरॉं कॉन्स्टँटँ या जिनिव्हाच्या घराण्याने १९५५ मध्ये आपल्या दोनशेव्या वर्षी वापरले. या जाडीत चाकांचे थर, तोलचक्र आणि त्यांना झाकणारे पूल सगळे सामावते, तेव्हा पुलाचा धातू कागदासारखा होतो आणि स्क्रू अर्धा फेरा जास्त आवळला तरी चाकाच्या आसाला जागा उरत नाही. अशी यंत्रे जुळवणारे हात थोडे होते व त्यांना कामाचा वेगही ठेवता येत नसे.

या यंत्रांच्या सजावटीमागेही कारण होते. जिनिव्हाच्या विधिमंडळाने ६ नोव्हेंबर १८८६ च्या कायद्याने ‘जिनिव्हाची मुद्रा’ स्थापन केली, आणि जे यंत्र त्या कँटनमध्ये जुळवलेले व ठरवलेल्या दर्जाचे असेल त्यावरच अर्धा गरुड व किल्ली यांचा तो छाप उमटे. पुलांच्या कडा तिरप्या कापून चकाकवणे, स्क्रूंची डोकी आरशासारखी घासणे, चाकांच्या दात्यांना झिलई देणे या अटी पाळताना धातूवरचे बारीक कंगोरे नाहीसे होत, त्यामुळे कण सुटून तेलात मिसळण्याचा आणि गंज धरण्याचा धोका कमी होई. झाकणाआड कुणालाही न दिसणाऱ्या जागी केलेले हे काम जाहिरातीच्या उपयोगाचे नव्हते. पुढल्या घड्याळजीने कधी झाकण उघडले, तरच ते नजरेस पडणार होते.

पातळपणाच्या या वाटेवर सर्वांत पुढे गेले ते ला कोत-ओ-फे या डोंगराळ गावातील पियाजे घराणे. जॉर्ज-एद्वार पियाजे यांनी १८७४ मध्ये तेथे यंत्रे बनवून इतरांना पुरवण्याचा व्यवसाय सुरू केला होता. तिसऱ्या पिढीतील वालांतँ पियाजे यांच्या पुढाकाराने १९५७ मध्ये २ मिलिमीटर जाडीचे ‘९पी’ यंत्र आले, आणि त्याच सुमारास यापुढे आपली घड्याळे केवळ सोने आणि प्लॅटिनम यांत बनतील असा निर्णय घराण्याने घेतला. पुढे १९६० मध्ये आलेले ‘१२पी’ हे २.३ मिलिमीटरचे स्वयंचलित यंत्र त्या वेळी जगातील सर्वांत पातळ ठरले. हाताच्या हालचालीने एक वजन फिरते व त्यामुळे कमान आपोआप आवळली जाते, हे स्वयंचलित घड्याळाचे तत्त्व. पण वजन यंत्राच्या पाठीवर फिरले तर जाडी वाढते. पियाजेने ते लहान करून यंत्राच्या पातळीतच खाली बसवले, आणि इतक्या लहान तुकड्याला पुरेसा जोर यावा म्हणून तो शुद्ध चोवीस कॅरट सोन्याचा केला. सोन्याचा जडपणा, जो एरवी दोष, येथे यंत्राची गरज ठरला.

पातळ यंत्राने तबकडीला जागा मोकळी झाली, आणि १९६३-६४ पासून पियाजेने लाजवर्द, जेड, वाघाचा डोळा नावाने ओळखला जाणारा पिवळसर तपकिरी दगड अशा कठीण पाषाणांचे अतिशय पातळ काप तबकडी म्हणून वापरायला सुरुवात केली. जिनिव्हातील गे फ्रेर हे १८३५ पासूनचे साखळ्या करणारे घराणे आणि त्यासारखे इतर कारागीर सोन्याच्या तारांच्या गुंडाळ्या एकमेकींत ओवून कापडासारखे लवचिक पट्टे विणीत. पियाजेने १९६९ मध्ये मांडलेल्या रुंद कड्यांच्या घड्याळांत तर पट्टा, केस आणि तबकडी यांतला भेदच मिटला. सोन्यावर हाताने झाडाच्या सालीसारख्या रेघा ओढून ओरखडे लपवण्याऐवजी ओरखड्यांनाच पोत केले गेले.

याच वर्षांत भारतात सोन्याची अवस्था अगदी उलट होती. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात लागू झालेल्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यावर बंदी आली. ती अट नंतर सैल झाली, पण तोवर महाराष्ट्रासह देशभरच्या सोनारांच्या हातचे काम गेले होते. जिनिव्हातील कारागिराला कॅरट हा कणखरपणाचा प्रश्न होता, तर येथील सोनाराला तो पोटाचा झाला.

स्विस कारागिरांवर आलेले संकट मात्र कायद्याचे नव्हते. जपानच्या सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी ‘ॲस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस ठेवले. ते अठरा कॅरट सोन्याच्या केसमध्ये होते आणि त्याची किंमत ४,५०,००० येन, म्हणजे त्या वेळच्या एका छोट्या मोटारगाडीएवढी होती. नव्या युगाने जुन्या युगाचा पोशाख घालून प्रवेश केला होता, आणि हे घड्याळ महिन्याला फार तर ५ सेकंद चुकत असे, जी अचूकता चाकांच्या घड्याळाला साधणारी नव्हती. पाठोपाठ १९७१ मध्ये सोन्याचा भाव सुटला, आणि १९७२ च्या वसंतात बाझेलच्या मेळ्यात ओदमार पिगेने जेराल्ड जेन्टा यांनी आखलेले ‘रॉयल ओक’ मांडले, ते पोलादाचे आणि ३,३०० फ्रँकांचे, म्हणजे अनेक सोन्याच्या घड्याळांहून महाग. त्याच्या कडा आणि पैलू इतके कठोर होते की पहिले नमुने पांढऱ्या सोन्यात करावे लागले, कारण पोलादावर हे काम करण्याची हत्यारे व सवय अद्याप तयार नव्हती. पोटात यंत्र मात्र जुन्याच पातळ कुळातले होते, आणि त्याच्या फिरत्या वजनाची कड एकवीस कॅरट सोन्याची होती.

जानेवारी १९८० मध्ये सोन्याचा भाव औंसाला ८५० डॉलरांवर पोहोचला. आरंभी उल्लेखिलेल्या त्या केसमधील १५ ग्रॅमचे १७ डॉलरांऐवजी आता चारशेहून अधिक डॉलर येत होते, आणि चाकांच्या जुन्या घड्याळाला त्या दिवसांत इतके देणारा ग्राहक सहसा नव्हता. असंख्य केस वितळवल्या गेल्या; शिंगांच्या धारा, हेल्व्हेशियाचे मुख आणि क्रमांकाची किल्ली एकाच मुशीत नाहीशी झाली. तबकडी आणि काट्यांसह सुटी काढलेली यंत्रे, त्यांत जिनिव्हाची मुद्रा असलेलीही काही, दुरुस्ती करणाऱ्यांच्या खणांत कागदाच्या पुडीत पडून राहिली, आणि तशी केसविना उरलेली यंत्रे जुन्या घड्याळांच्या बाजारात आजही मिळतात, चावी दिली की चालू लागतात.